डाएटला सुट्टी: कधी, किती, कशी?

वजन उतरवायला निघालेल्या माणसाचा पहिला महिना सोपा जातो. हुरूप असतो, काटा भराभर खाली येतो (त्यात बराच वाटा पाण्याचा असतो, पण ते तेव्हा कुणाला ऐकायचं नसतं), शेजारच्या काकू "बारीक झालीस गं" म्हणतात. खरी कसोटी दहाव्या-बाराव्या आठवड्यात लागते. काटा एका जागी अडकतो. डब्यातली मुगाची उसळ बघवत नाही. रात्री अकरा वाजता फ्रिज उघडून नुसतंच उभं राहायची सवय लागते. आणि नेमकी त्याच सुमारास घरात चकलीची भाजणी दळून येते.

मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर माणूस वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळ्याला "नको" म्हणत राहतो, चिडचिडा होतो आणि दिवाळी संपल्यावर उरलेल्या फराळाच्या डब्यांवर तुटून पडतो. नाही तर पहिल्याच करंजीला "आता मोडलंच आहे, तर..." म्हणून रान मोकळं सोडतो. "पाडवा झाला की बघू"चं "थर्टीफर्स्ट झाला की बघू" होतं, आणि तीन महिन्यांत उतरलेलं वजन तेवढ्याच वेळात परत येतं.

या दोन्हींपेक्षा शहाणी अशी तिसरी वाट आहे: सुट्टी ठरवून घ्यायची. एक किंवा दोन आठवडे. या काळात वजन कमी करायचं नाही आणि वाढवायचंही नाही. आज आहे त्या वजनाला लागतं तेवढं खायचं. सुरू व्हायचा दिवस ठरलेला, संपायचा दिवसही ठरलेला.

रविवारच्या 'चीट डे'शी याची गल्लत करू नका. चीट डेचं गणित बहुधा तोट्याचंच असतं. आठवड्याचे सहा दिवस रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, म्हणजे ३,००० वाचवल्या. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी अमर्याद थाळी, रात्री आइस्क्रीम, एवढ्यात दीड-दोन हजार कॅलरी वर जाणं अजिबात अवघड नाही. सहा दिवसांच्या कष्टातून हातात उरतात हजार-दीड हजार. शिवाय एक दिवस भरपूर आणि सहा दिवस तंगी या चक्रात माणूस नेमस्त खायला कधीच शिकत नाही.

संशोधन काय म्हणतं आणि काय म्हणत नाही

या विषयावर सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठातल्या नुआला बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. लठ्ठपणा असलेल्या ५१ पुरुषांचे दोन गट केले. एकाने सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्याने दोन आठवडे कमी, दोन आठवडे गरजेपुरतं, असं आलटूनपालटून केलं. त्यामुळे त्यांचे १६ आठवडे पुरे व्हायला ३० आठवडे लागले. सलग डाएटवाल्यांचं वजन सरासरी ९ किलोंच्या आसपास उतरलं, सुट्ट्या घेणाऱ्यांचं १४च्या आसपास. हे आकडे वाचून सोशल मीडियावरच्या कोचमंडळींनी "सुट्टी घेतली की मेटाबॉलिझम पुन्हा पेटतो" असा डांगोरा पिटला.

मला तो डांगोरा पटत नाही. त्यानंतर २०२१मध्ये नियमित वजनं उचलणाऱ्या ६१ स्त्री-पुरुषांवर ऑस्ट्रेलियातच आणखी एक प्रयोग झाला. तीन आठवडे डाएट, एक आठवडा सुट्टी, असा त्याचा क्रम होता. चरबी उतरण्यात सलग गट आणि सुट्टीवाला गट यांच्यात फरक सापडला नाही. फरक सापडला तो भुकेत: सुट्टीच्या आठवड्यात लोकांना भूक कमी जाणवली, मन शांत होतं. थोडक्यात, सुट्टीने चरबी जादूने वितळत नाही, पण पुढचा टप्पा गाठायचं बळ मिळतं.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र जुना आहे. रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री या अमेरिकी संशोधकांना माणसं डाएट सोडून का घसरतात ते पाहायचं होतं. म्हणून त्यांनी चक्क घसरण घडवून आणायचं ठरवलं. वजन कमी करणाऱ्या लोकांपैकी काहींना सांगितलं, आता सलग सहा आठवडे सगळे नियम सोडा. काहींना दोन-दोन आठवड्यांच्या तीन सुट्ट्या दिल्या. २००३मध्ये निष्कर्ष छापून आला तो असा, की लोक घसरलेच नाहीत! सुट्टीत थोडं वजन वाढलं किंवा उतरायचं थांबलं, पण सुट्टी संपल्यावर मंडळी पुन्हा रुळावर आली आणि शेवटी गटांमध्ये फारसा फरक उरला नाही. कारण उघड आहे. त्यांनी डाएट 'मोडलं' नव्हतं. त्यांना सुट्टी सांगितली होती, आणि सुट्टी संपते हे त्यांना ठाऊक होतं.

शरीराची बाजूही लक्षात घ्या. चरबी आणि खाणं दोन्ही कमी झालं की लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि मेंदूला भुकेचे निरोप वाढत्या जोराने येऊ लागतात. आपल्या नकळत हालचालही मंदावते. जिना चढायच्या ऐवजी लिफ्टकडे पाय वळतात, बसल्या जागेवरून "जरा पाणी दे रे" सुरू होतं. एक-दोन आठवडे पोटभर जेवल्याने यातलं काही अंशी सावरतं. पण माझ्या मते सुट्टीचा मोठा फायदा वेगळाच आहे. वजन कमी करायचं कसं हे आजकाल सगळ्यांना सांगता येतं. कमी झालेल्या वजनावर राहायचं कसं याचा सराव कुणीच करत नाही. सुट्टीचा आठवडा म्हणजे त्याची रंगीत तालीम. ज्याला आठ दिवस वजन आहे तिथे ठेवता येत नाही, त्याला ते आठ वर्षं कसं ठेवता येईल?

किती खायचं?

आपल्याला नेमकं किती खाणं पुरतं हे कुठल्याही ॲपपेक्षा तुमचा काटा जास्त चांगलं सांगतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. समजा, गेल्या चार आठवड्यांत तुमचं वजन दर आठवड्याला सरासरी अर्धा किलो उतरलं. म्हणजे आठवड्याची तूट ३,८५० कॅलरींची, दिवसाची ५५०. सुट्टीत सध्याच्या खाण्यात रोज एवढीच भर घालायची. तुम्ही वहीत १,४०० कॅलरी लिहीत असाल आणि प्रत्यक्षात १,६०० खात असाल (तेल कुणीच नीट मोजत नाही), तरी या हिशेबाला धक्का लागत नाही, कारण तूट वजनावरून काढलेली आहे.

५५० कॅलरी म्हणजे आपल्या ताटात किती? मध्यम आकाराची एक ज्वारीची भाकरी, एक वाटी भात, दोन छोटे चमचे तूप आणि मूठभराहून थोडे कमी दाणे. बस्स. दिवाळीत तेवढीच भर एक बेसन लाडू, दोन चकल्या आणि मूठभर चिवड्यात संपते. भाकरी-भात वाढवायचा किंवा फराळ घ्यायचा. दोन्ही वाढवलं तर ती सुट्टी राहत नाही, नुसतं वजन वाढवणं होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, "एवढंच? मग सुट्टी कसली?" तक्रार रास्त आहे. पण तीन महिने भात न खाल्लेल्या माणसाला आमटी-भातावर तूप घालून जेवायला मिळणं ही काय चीज असते, ते त्यालाच विचारा.

भर शक्यतो भात, भाकरी, बटाटा, फळं यांची घाला. यातून स्नायूंमधला साखरेचा साठा भरतो आणि व्यायामाला जोर येतो. प्रथिनं मात्र सुट्टीतही कमी करू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२०मध्ये ठरवलेलं प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ५५ किलोंच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. वजन उतरवताना याहून थोडं जास्तच हवं, स्नायू झिजू नयेत म्हणून. आपल्या शाकाहारी घरांत इथेच गोची होते. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात, आणि "आम्ही रोज डाळ खातो की" या समाधानावर घर चालतं. घट्ट उसळ, दही, पनीर, सोयाबीन, चालत असेल तर अंडी, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. चालणं, झोप आणि जेवणाच्या वेळाही तशाच ठेवा. बदलतो तो फक्त वाढून घेण्याचा आकार.

किती आठवड्यांनी सुट्टी घ्यायची? बऱ्याच जणांना आठ ते बारा आठवड्यांनी एक ठीक पडते. ज्यांचं थोडंच वजन उरलंय आणि जे भरपूर व्यायाम करतात, त्यांना लवकर लागते. वजन बरंच जास्त असलेल्यांनी आणि नुकतीच सुरुवात केलेल्यांनी घाई करू नये. आणि दर शनिवार-रविवारी ज्यांचं डाएट आपोआपच सुटतं, त्यांना आणखी सुट्टीची गरज नाही. त्यांनी आधी शनिवार-रविवार सांभाळावा.

आपलं कॅलेंडर कामाला लावा

इंग्रजी पुस्तकांत सुट्टी दर अमुक आठवड्यांनी सोमवारी सुरू होते. आपल्याला तसं करायचं काही कारण नाही. आपले सण-वार जणू याच कामासाठी मांडून ठेवलेत. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन यांत जवळजवळ आठ आठवड्यांचं अंतर असतं. अनंत चतुर्दशी ते वसुबारस हे सहा आठवडे. तर गणपतीचा एक आठवडा सुट्टी, मधले सहा आठवडे नेटाने डाएट, मग दिवाळीत पुन्हा एक आठवडा. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत नऊ ते बारा आठवड्यांचा सलग पट्टा मिळतो. त्यात तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आडवी येते, पण एका लग्नातलं एक जेवण म्हणजे सुट्टी नाही. पुढच्या जेवणाला नेहमीचं ताट घेतलं की विषय संपला. पुढची मोठी सुट्टी आंब्याच्या दिवसांत ठेवा. मे महिन्यात कोकणात माहेरी जाऊन आमरस नको म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालावा इतका उत्साह माझ्यात नाही.

सगळेच सण सुट्टीचे धरले तर वर्षभर सुट्टीच होईल, हे सांगायला नको. वर्षात तीन, फार तर चार निवडा. बाकीच्या दिवशी सणाचा एक पदार्थ एकदा खायचा आणि पुढे जायचं.

उपवासांविषयी थोडं स्पष्ट बोलायला हवं. आषाढी, श्रावणी सोमवार, चतुर्थी हे दिवस आपण मनातल्या मनात डाएटच्या खात्यात जमा करतो. प्रत्यक्षात साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली बशी ४००-५०० कॅलरींची सहज होते, प्रथिनं त्यात दाण्याच्या कुटातली तेवढीच, आणि दोन तासांनी पोट पुन्हा ओरडतं. मग बटाट्याचा कीस, मग उपवासाचा चिवडा. एकादशी आणि दुप्पट खाशी हे उगाच म्हटलेलं नाही. उपवास श्रद्धेने जरूर करा. जेवायचं असेल तर भगर आणि दाण्याची आमटी, ताक, रताळं, राजगिरा यांवर भर द्या, आणि त्या दिवसाला वजन कमी करण्याचा दिवस धरू नका.

आग्रहाचा प्रश्न मात्र कॅलरींपेक्षा अवघड. "मला गोड बंद आहे" म्हटलं की समोरची काकू लगेच "एकाने काही होत नाही" म्हणून वादाला उभी राहते. त्यापेक्षा पहिला मोदक आनंदाने घ्या, वर तूप घ्या, "काय सुरेख झालाय, पारी किती पातळ" म्हणा आणि दुसऱ्याच्या वेळी "डब्यात द्या, घरी सगळ्यांना देते" म्हणा. वाढणाऱ्याचं मन दुखत नाही आणि तुमचं गणित बिघडत नाही. फराळ घरी असला की डब्यातून उभ्या उभ्या खायचा नाही. बशीत वाढून, बसून, चहासोबत, दिवसातून एकदा. हा एक नियम पाळला तर बाकीचे निम्मे नियम लागत नाहीत.

काट्याची भीती

सुट्टी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा दीड-दोन किलो वर दाखवतो आणि भल्याभल्यांचा धीर सुटतो. हे घडणारच आहे, म्हणून आधीच जाणून घ्या. रिकामा झालेला साखरेचा साठा भरताना प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी शरीरात थांबतं. चिवडा-चकलीतलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. आतड्यांत अन्नही जास्त असतं. पाच दिवसांत दोन किलो खरी चरबी चढायची तर १५,४०० कॅलरी जास्तीच्या लागतील, म्हणजे रोज तीन हजारांवर. नेहमीचं जेवण पूर्ण जेवून वर दिवसाला पंधरा-सोळा बेसन लाडू. तुम्ही खाल्लेले नाहीत.

म्हणून सुट्टीत काट्याला हात लावू नका. सुट्टी संपल्यावर नेहमीचं खाणं सुरू करून आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग रोज सकाळी वजन घेऊन सात दिवसांची सरासरी काढा. बायकांनी पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी, नाहीतर पाण्याचा हिशेब चुकतो. कमरेचं मापही नोंदवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्याही पोटात चरबी दडलेली असते. २००४मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापला: दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९ टक्के, याज्ञिकांची २१. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८०च्या आत हवी. काटा काहीही म्हणो, हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

सुट्टी संपल्यावर एकच चूक टाळायची: प्रायश्चित्त. दोन दिवस नुसतं लिंबूपाणी, एकवेळ जेवण, दुप्पट चालणं, यातलं काही करू नका. त्यातून आठवड्याच्या आत पुन्हा फ्रिजसमोर उभे राहाल. ठरलेल्या दिवशी सकाळी नेहमीचा नाश्ता करा, एवढंच. उरलेला फराळ भाऊबीजेच्या आत कामवाल्या मावशी, वॉचमन, ऑफिस असा वाटून टाका. समोर दिसतो तोवर तो संपत नाही, आणि संपवतो तो आपणच.

काही जणांनी मात्र स्वतःच्या मनाने सुट्टी घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर औषधाचा डोस सध्याच्या खाण्याशी बांधलेला असतो. खाणं कमी करताना आणि वाढवताना, दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारा. वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीबरोबर औषधाला सुट्टी देऊ नये. एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा सगळा हिशेबच बाजूला ठेवावा. ज्यांना कधीकाळी हावरटासारखं खाऊन मग उपाशी राहण्याचा त्रास झालाय, त्यांनी कॅलरी मोजायच्या फंदात न पडता मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. आणि डाएटमुळे पाळी बंद झाली असेल, तर पुढच्या सणाची वाट पाहू नका. खाणं आजच वाढवा आणि डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढची सुट्टी सुरू व्हायचा आणि संपायचा असे दोन्ही दिवस आत्ताच लिहून टाकावेत आणि घरच्यांनाही सांगावेत. परतल्यावर दहा दिवसांनी सरासरी वजन सुट्टीच्या आधीपेक्षा अर्ध्या किलोच्या आत असेल, तर तुमचा हिशेब बरोबर होता. एक किलोहून जास्त असेल, तर पुढच्या सुट्टीत रोजची भर दीडशे-दोनशे कॅलरींनी कमी धरा.